शिवेवरचा भूगोल : भूगोल अभ्यासमंडळांस खुले पत्र

कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव आणि धारवाड येथील विद्यापीठांच्या भूगोल अभ्यासमंडळांचे अध्यक्ष व सन्माननीय सदस्य यांस,



बेळगावाहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिनोळीच्या अलीकडच्या एका खेड्यात, गेल्या सुगीत एका वृद्ध शेतकऱ्याच्या पडवीत मी बसलो होतो. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्यावर त्याने आतून लोखंडी ट्रंक ओढून आणली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले दप्तर सोडले आणि त्यातले दोन कागद माझ्यापुढे ठेवून, ‘गुरुजी, सगळी मिळून किती भरती तेवढं सांगा बघू,’ असे म्हटले. त्याची जमीन एका ओढ्याच्या दोन काठांवर आहे आणि तो ओढा दोन राज्यांची हद्द आहे. अलीकडच्या तुकड्याचा उतारा कन्नडात, क्षेत्र एक एकर बारा गुंठे. पलीकडच्या तुकड्याचा सातबारा मराठीत, क्षेत्र शेहेचाळीस आर. गुंठा आणि आर यांत फरक जवळजवळ नाहीच, तेव्हा अडीच एकराला थोडी कमी, असे मी तोंडी सांगू शकलो. परंतु कन्नड उताऱ्यावर त्याच्या नावापुढे ज्या दोन ओळी छापल्या होत्या त्या कशाच्या, हे त्याने विचारले तेव्हा मला उत्तर देता येईना, कारण ती लिपी मला वाचता येत नव्हती. चुलीपाशी बसलेली त्याची नात कन्नड शाळेत सातवीला होती; तिने हात पुसून कागद घेतला, मोठ्याने वाचला आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, असे आजोबाला मराठीत समजावून सांगितले. जन्मभर सीमाभागात राहिलेल्या आणि तीस वर्षांहून अधिक काळ भूगोल शिकवलेल्या मला त्या क्षणी जे वाटले, त्यातूनच हे पत्र आपणांस लिहीत आहे.

मी अध्यापन करीत होतो तेव्हा संघर्ष, प्रदेश आणि अस्मिता हे प्रकरण सायप्रस, उत्तर आयर्लंड आणि पॅलेस्टाइन यांचे नकाशे फळ्यावर टांगून शिकवीत असे, आणि वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराच्या पलीकडे जी हद्द होती तिचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकून पुढे जात असे. भीती होती, हे आता कबूल करतो: वर्गात दोन्ही भाषांची मुले होती, आणि शब्द इकडचा तिकडे झाला असता तर तो वर्गाबाहेर गेला असता. परंतु ज्या शास्त्राचा विषयच माणूस आणि त्याने आपली म्हटलेली भूमी हा आहे, त्या शास्त्राने आपल्या उंबऱ्यावरच्या प्रश्नाकडे पाठ फिरवावी आणि तो प्रश्न सर्वस्वी मोर्चे, फलक आणि वकील यांच्या हवाली करावा, यात शास्त्राची हानी आहे आणि त्या ओढ्याकाठच्या माणसांचीही आहे. यास्तव माझी विनंती अशी आहे की, पदव्युत्तर वर्गांतील मानवी भूगोलात बेळगाव-निपाणी-जत-अक्कलकोट हा सीमाप्रदेश अभ्यासविषय म्हणून घ्यावा, तो दोन्ही भाषांतून घ्यावा आणि तो पायी चालून घ्यावा.

या अभ्यासात विद्यार्थ्याला सर्वांत आधी जे उमगले पाहिजे ते असे की, प्रदेशाच्या वादात उघड निकालापूर्वी एक मूक निकाल लागून गेलेला असतो, आणि तो घटक कोणता धरावा याविषयीचा असतो. फाझल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या सप्टेंबरात अहवाल दिला, त्यात साधारणतः जिल्हा हा घटक धरला होता; त्याप्रमाणे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्याचे बेळगाव, विजापूर, धारवाड आणि उत्तर कानडा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि बेळगाव जिल्ह्यातला एकटा चंदगड तालुका मराठी म्हणून बाजूला काढून मुंबई राज्यात ठेवण्यात आला. मुंबई सरकारने 1957 साली केंद्राकडे जे निवेदन धाडले त्यात खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही सूत्रे होती. हीच सूत्रे पुढे हरि विनायक पाटसकर यांच्या नावाने ओळखली गेली, कारण आंध्र आणि मद्रास यांच्यातील हद्दीचा वाद त्यांच्या मध्यस्थीने याच पायावर मिटला आणि 1960 साली तेथील गावांची अदलाबदल झाली. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 साली नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने मात्र बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे असे सांगून 264 गावे महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतली 247 गावे म्हैसूरला द्यावीत, अशी शिफारस 1967 साली केली. कर्नाटकाने ती शिरोधार्य मानली, महाराष्ट्राने अमान्य केली. जिल्हा धरला तर एक नकाशा निघतो, खेडे धरले तर दुसरा निघतो, आणि दोन्ही नकाशे काढणाऱ्यांची जनगणना मात्र एकच असते. महाराष्ट्रात 814 आणि पुढे 865 हे दाव्यातल्या गावांचे आकडे मुलांना पाठ असतात, परंतु खेडे हाच घटक का, शहराला भोवतालच्या खेड्यांच्या बरोबरीने मोजावे की त्याच्या बाजारपेठेने मोजावे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही, आणि भूगोलज्ञांना तो नवा तर मुळीच नाही. ‘भारत आणि पाकिस्तान’ या ज्यांच्या ग्रंथावर आमच्या पिढीचा पिंड पोसला ते ऑस्कर स्पेट 1947 च्या उन्हाळ्यात लाहोरास होते, आणि पंजाब सीमा आयोगापुढे अहमदिया जमातीचे भौगोलिक सल्लागार म्हणून काम पाहत होते. त्या जमातीचे कादियान हे मूळ स्थान गुरुदासपूर जिल्ह्याच्या बटाला तहसिलीत. जिल्हा समग्र धरला तर मुसलमान निसटत्या बहुसंख्येने होते. आयोगाचे अध्यक्ष असलेल्या रॅडक्लिफसाहेबांनी जिल्हा फोडला, रावीपलीकडची एकटी शकरगड तहसील पाकिस्तानला दिली आणि बटाल्यासह उरलेल्या तीन तहसिली भारताला दिल्या. साहेब 8 जुलैला हिंदुस्थानात उतरले होते आणि त्यांचा निवाडा 17 ऑगस्टला प्रसिद्ध झाला, म्हणजे उणेपुरे चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांत कोट्यवधी माणसांच्या घरांचा ठावठिकाणा बदलला. स्पेट यांच्यासारखा मनुष्य आकडे, कालवे आणि रस्ते यांचे नकाशे पुढे मांडीत होता, परंतु तोही एका पक्षाचा सल्लागार होता, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे, आणि त्यात स्पेट यांचा अवमान करण्याचा हेतू तिळमात्र नाही. आपल्या शास्त्राचा इतिहास याहून काळाही आहे. रॅट्झेलने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्याला सजीव प्राण्याची उपमा दिली आणि पुढे त्याच्या ‘जीवनावकाश’ या कल्पनेचे काय झाले, हे युरोपने रक्ताने पाहिले; भूगोल हा मुळात युद्धाच्या उपयोगाचा विषय आहे, असे आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच इव्ह लाकोस्त या फ्रेंच भूगोलज्ञाने 1976 साली म्हटले ते उगाच नव्हे.

आता भाषेकडे येतो. जनगणनेच्या तक्त्यात मातृभाषा हा एक रकाना असतो आणि त्यात एकच नाव लिहावयाचे असते. निपाणीच्या आठवडी बाजारात माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी एकदा गेलो होतो, तेव्हा जोंधळ्याच्या राशीपाशी बसलेल्या एका म्हातारीचे माप चालले होते: पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणून तिने ते ओतले, पुढची मापे ‘एरडु, मूरु, नाल्कु’ अशी कन्नडात मोजली, पैसे मराठीत मागितले, आणि शेजारच्या पोराने राशीला पाय लावला तेव्हा त्याला जी वाक्ताडना केली ती दोन्ही भाषांत होती. विद्यार्थ्याने वही काढून ‘आजी, तुमची मातृभाषा कोणती?’ असे विचारले. ‘आई कानडी बोलायची, सासू मराठी,’ ती म्हणाली, ‘तुला कंची पाहिजे?’ विद्यार्थी हसले. मला मात्र त्या प्रश्नातले गांभीर्य आजही सोडीत नाही, कारण गणक जेव्हा दारात उभा राहतो तेव्हा तिच्या उत्तरावर एका गावाचे, आणि गाव हा घटक धरला तर एका हद्दीचे भवितव्य टांगलेले असते, आणि हे एकदा सर्वांना ठाऊक झाले की उत्तर देणाराही मोकळा राहत नाही. पंजाबात 1951 च्या जनगणनेत हिंदी आणि पंजाबी यांवरून एवढा तंटा झाला की तेथील भाषांचे आकडे वेगवेगळे न देता एकत्र द्यावे लागले. मॅसेडोनियाचे तर काय सांगावे! तेथील भाषिक आणि वांशिक नकाशांची एच. आर. विल्किन्सन यांनी 1951 साली छाननी केली, तेव्हा एकाच खोऱ्यातली एकच खेडी बल्गेरियन नकाशात बल्गेरियन, सर्बियन नकाशात सर्ब आणि ग्रीक नकाशात ग्रीक रंगवलेली आढळली. त्या खेड्यांतली माणसे मात्र त्याच विहिरीचे पाणी पीत राहिली होती.

जुन्या हद्दी आठवणारी माणसे आता थोडी उरली आहेत; त्यांच्याकडे विद्यार्थ्यांनी लवकर जावे. बेळगावाला चिकटलेले शहापूर हे 1948 च्या मार्चात दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत सांगली संस्थानाचे होते, म्हणजे बेळगावचा मनुष्य लुगडे घ्यावयास शहापुरात गेला की इंग्रजी मुलखातून संस्थानी मुलखात जात असे, आणि संध्याकाळी पुन्हा परत येत असे. बसवेश्वरांच्या वास्तव्याने पुनीत झालेले मंगळवेढेही त्याच सांगलीचे. ज्या प्रदेशात सरहद्दींचे असे ठिगळकाम पिढ्यान्‌पिढ्या होते तेथे ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ यांचा अर्थ संस्थान, जात, देवस्थान, बाजार आणि भाषा यांपैकी कशाने ठरत असे, आणि त्यांतली भाषा ही एकटीच इतकी वर कधी आली, याचा शोध घेण्यासारखे दुसरे संशोधनकार्य मला तरी दिसत नाही.

चंदगडचे उदाहरण तर आपल्या शास्त्राने डोक्यावर घेऊन नाचावे असे आहे. भाषेच्या न्यायाने तो तालुका महाराष्ट्रात आला आणि ते योग्यच झाले. परंतु जिल्ह्याचे ठिकाण जे कोल्हापूर ते त्याला बेळगावाच्या दुपटीहूनही दूर. लग्नाचा बस्ता, बाळंतपणाचा दवाखाना, मुलांचे कॉलेज, काजूचे आणि भाताचे गिऱ्हाईक, हे सारे बेळगावात. सकाळच्या एसटीत बसून जो मनुष्य बेळगावला निघतो तो हद्द ओलांडतो आहे हे त्याला दोनच प्रसंगी जाणवते, एक हद्दीच्या वादाने एसटी बंद होते तेव्हा, आणि दुसरे दवाखान्यात त्याच्या राज्याची योजना चालत नाही तेव्हा. उलट जत तालुक्याच्या पूर्वेकडची कन्नड बोलणारी गावे 2022 साली एकाएकी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आली, कर्नाटकाचे मुख्यमंत्री त्यांच्यावर हक्क सांगू लागले, महाराष्ट्रात संताप उसळला. त्या गावांत जाऊन बसले तर मात्र बोलणे पाण्याचे निघते, टँकरचे निघते, म्हैसाळ योजनेचे पाणी शिवारात कधी पोचणार याचे निघते. भाषेच्या वेशात पाणी बोलते आहे, हे ओळखण्यास भूगोलाचा विद्यार्थी पाहिजे. तो नसला की ते ओळखण्याचे काम पुढाऱ्यांकडे जाते.

अस्मितेविषयी बोलताना आपण सर्वजण जपून बोलतो, कारण तेथे जखम आहे. मी मराठी आहे, आणि बेळगाव-खानापुरातल्या मराठी माणसाला आपल्याच गावच्या कचेरीत आपल्या भाषेतला कागद मिळू नये हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी लपवीत नाही, आणि न्यायालयात 2004 पासून हद्दीचा जो दावा प्रलंबित आहे त्याच्या निकालाची मीही इतरांप्रमाणे वाट पाहतो. परंतु राज्यघटनेत 1956 सालीच सातव्या दुरुस्तीने 350-अ हे कलम घातले गेले, त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सर्व राज्यांना सांगितले आहे, आणि ते अक्कलकोटच्या कन्नड मुलाला जितके लागू आहे तितकेच खानापूरच्या मराठी मुलीला आहे. ज्याला आपल्या बाजूचा अन्याय दिसतो आणि पलीकडचा दिसत नाही, त्याने वकिली करावी. त्या व्यवसायाचा मला आदर आहे. भूगोलाची पदवी मात्र त्याला आपण देऊ नये.

आणि ही माती कोणाची, हे ठरवू पाहणाऱ्याने तिच्यातून उगवलेली माणसे तरी पाहावीत. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरात मराठी होती आणि ते कन्नडाचे महाकवी झाले. त्यांनी कन्नड शिकवले ते सोलापुरात, आणि 1956 साली धारवाड आणि सोलापूर दोन राज्यांत पडली. जी. ए. कुलकर्णी बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, आयुष्याचा मोठा काळ धारवाडात राहून त्यांनी इंग्रजी शिकवले आणि मराठी कथा लिहिली. कुमार गंधर्व सुळेभावीचे. सौंदत्तीच्या यल्लम्मेला मराठी मुलखातून बैलगाड्या जात, ज्योतिबाच्या डोंगरावर कन्नड भाविकांची रीघ लागते, आणि पंढरीच्या ज्या देवाला मराठी संतांनी ‘कानडा’ म्हटले त्याच्याविषयी आणखी काय लिहावे? मात्र या गोष्टी सांगून हद्दीचा प्रश्न मिटतो असे मी समजत नाही. बेंद्रे दोन्ही भाषांत वावरले म्हणून तलाठ्याचा कागद आपोआप दोन भाषांत निघत नाही. ज्या भूमीचा निवाडा व्हावयाचा आहे तिच्यात काय काय एकत्र गुंतलेले आहे याची मोजदाद आधी व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.

म्हणून आपणांस काही गोष्टी सुचवतो. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने कन्नड लिपी आणि बेळगावच्या विद्यार्थ्याने, तो कन्नडभाषक असल्यास, मोडी व देवनागरी कागद वाचण्याइतके शिकल्यावाचून या विषयात प्रबंध लिहू नये. दोन विद्यापीठांतला एकेक विद्यार्थी अशी जोडी करावी आणि तिने एका हंगामात हद्दीवरच्या दोन शेजारी गावांची पाहणी करावी: गावठाण, शिवार, पाणंदी, पाणवठे, सोयरिकी कोणत्या गावांशी होतात, कर्ज कोठून काढतात, मयताला कोण येते. शिवेचा दगड कोठे आहे आणि त्याला शेंदूर लावला आहे काय, हेही लिहावे. माझ्या अनुभवाने सरकारी दगड आणि गावचा दगड पुष्कळदा वेगवेगळे असतात, आणि त्यांमधल्या अंतरात गावाची जी आठवण साठलेली असते ती कोणत्याही दप्तरात नसते. परीक्षेच्या वेळी तोंडी विचारावे ते एवढेच की, पलीकडच्या पक्षाचे म्हणणे सांग, आणि असे सांग की त्या पक्षाच्या माणसाने ऐकून ‘होय, आमचे म्हणणे हेच’ असे म्हणावे. मराठी विद्यार्थ्याने महाजन अहवाल मुळातून वाचलेला असावा, कन्नड विद्यार्थ्याने महाराष्ट्राचे निवेदन. धारवाडच्या शं. बा. जोशी यांनी मराठी संस्कृतीच्या कन्नड मुळांविषयी मराठीत जे लिहिले ते आपल्याकडे पुष्कळांना रुचले नाही, तेही वाचावे. सी. डी. देशपांडे यांचे पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचे इंग्रजी पुस्तक 1948 साली धारवाडात छापले गेले, तेव्हा ही हद्द अस्तित्वात नव्हती. ती नसताना एका चांगल्या भूगोलज्ञाला हा मुलूख कसा दिसला, हे पाहण्यासाठी तरी ते मागवावे.

यास खर्च फार नाही. अडचण आहे ती दोन विद्यापीठांनी एकमेकांना पत्र लिहिण्याची, आणि त्या पत्राचा कोणी विपर्यास करील या धास्तीची. ती धास्ती मला ठाऊक आहे. तिच्यापायी मी माझी सारी अध्यापनाची वर्षे घालवली. न्यायालयात दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली मुले आज आपल्या पदव्युत्तर वर्गांत बसली आहेत.

भाताची कापणी दसरा-दिवाळीच्या आसपास होते आणि ओढ्याचे पाणी तोवर गुडघ्याखाली आलेले असते. पहिली तुकडी त्या सुमारास आली तर दोन्ही काठ एका दिवसात पाहता येतील. पडवीत सहा-सात जणांची पथारी पडते, हे मी विचारून ठेवले आहे. माझ्या पाहणीच्या वह्या आणि खेड्यांचे हाताने काढलेले आराखडे लाकडी कपाटात आहेत, ते आपण जेथे सांगाल तेथे पोचवीन. त्या शेतकऱ्याची नात आता आठवीत गेली आहे आणि दर रविवारी मला कन्नड शिकवते. अक्षरे झाली आहेत; ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांतला भेद मराठी कानाला चटकन कळत नाही, तेवढ्यासाठी ती मला एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावते.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक